मे महिन्यात तांदूळ रंगवत बसायचं का?

रातांबेवाली, राजापूर:
सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकीने यादी टाकली, "२ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी घरच्याघरी ३० स्क्रीन-फ्री ऍक्टिव्हिटीज". पहिलीच बघा: दोन किलो तांदूळ, खायचे रंग, व्हिनेगर, रंगवा, वाळवा, ट्रेमध्ये ओता आणि मुलाला चमचा द्या. पुढे शेव्हिंग फोम, पॉमपॉम, लॅमिनेट केलेली कार्डं. अहो पडवीत रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ढीग पडलाय, पाऊस यायच्या आत आमसुलं सुकायला हवीत, आणि मी लॅमिनेशनला जाऊ? माझी लेक साडेतीन वर्षांची. मी रातांबा फोडून देते, ती अंगठा घालून बिया ढकलते, बिया टोपात, सालं सुपात. सालं उताणीच मांडायची हा तिचा नियम, आजीने एक जरी उपडं ठेवलं तरी घर डोक्यावर घेते. कोपरापर्यंत लाल झालेली असते. बोटांची पकड, निवडणं, मोजणं, आणखी काय शिकवायचं राहिलं? ऊन उतरल्यावर तांब्यात पाणी आणि जुना ब्रश देते, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, फिरवत बसते, दगड भिजला की गडद होतो, बघता बघता सुकतो, की बाई परत पहिल्या चिऱ्यापासून. खर्च शून्य. आपल्या घरात काय काय पडलेलं असतं ते या याद्या करणाऱ्यांना माहीतच नाही.

तिसरा मजला, रत्नागिरी:
ती यादी मीच टाकली होती, म्हणून बोलते. पडवी, गडगा, सुपाशेजारी बसायला आजी, हे सगळं तुमच्याकडे आहे ताई, छान. माझ्याकडे दोन खोल्या, बंद गॅलरी आणि संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून आल्यावर रडणारा मुलगा आहे. ते रंगीत तांदूळ रविवारी एकदा करून डब्यात भरून ठेवते, रोज तेच काढते, आणि त्यात वाट्या-चमचे घेऊन तो बसतो तेवढ्यात माझ्या पोळ्या होतात. नाहीतर मोबाईल द्यावा लागतो. टिंगल करायला सोपं आहे.

आप्पा:
अन्नाशी खेळू नये एवढं तरी मुलांना शिकवा. बाकी चालू द्या.

तिसरा मजला, रत्नागिरी:
आप्पा, तांदूळ टोके लागलेले असतात. आणि लग्नात अक्षता म्हणून उधळतो तेव्हा कुठे जातं हे?

बालवाडीताई, डहाणू:
दोघींनी जरा दमाने घ्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली आमच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा शिंपल्या, बिया, पानं, खडे हेच साहित्य होतं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी तेच चालवलं. महाग खेळण्यांवाचून अडत नाही हे तेव्हाच सिद्ध झालंय. आणि २ वर्षांखाली स्क्रीन नको, पुढे ४ वर्षांपर्यंत जास्तीत जास्त तासभर, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय.

तिसरा मजला, रत्नागिरी:
ताई, पण ताराबाई आणि अनुताईंनी त्या कामाला आयुष्य वाहिलं. म्हणजे ते पूर्णवेळ काम आहे. इथे सगळे असं बोलतात की अंगणात बिया पडल्यात, मूल आपोआप शिकेल.

सुईण काकींची सून:
बियांवरून आठवलं, चिंचोके, आठळ्या, रातांब्याच्या बिया, ३ वर्षांखालच्या पोराच्या हातात एकट्याला देऊ नका, घशात जातात. ओले काजू सोलताना तर जवळच बसवू नका. माझ्या पुतण्याने काजूचा डीक, म्हणजे चीक, लागलेला हात तोंडाला लावला, ओठ असे सुजले की आठवडाभर पेजेवर. आणि टबात वीतभर पाणी असलं तरी उठून जायचं नाही, फोन वाजला तरी नाही.

मालवणी माणूस:
ह्या सगळा खरा, पण खळ्यात बसवतलास कसा? काल वानर आमच्या चेडवाच्या हातातला केळा घेवन गेलो. आता ता चेडू भायर पाय टाकणा नाय.

देवगडचा बागवाला:
आता खऱ्या विषयावर आलात. झाडावर आंबा राहतोय कुठे? माकड एक फळ खातं आणि दहा चावून टाकतं. राखणीला माणूस ठेवा, त्याचा पगार, त्याचं जेवण, फटाके वेगळे, आणि फटाक्यांना ती आता घाबरतही नाहीत, आवाज झाला की शेजारच्या बागेत जातात आणि मग शेजारी आमच्याशी भांडतो. अर्ज देऊन देऊन दमलो.

मालवणी माणूस:
शेजाऱ्याचा बरोबरच हा. तुमचीच माकडा आमच्याकडे येतत.

देवगडचा बागवाला:
आमची म्हणजे? मी पाळलीत? तोंड सांभाळून.

रातांबेवाली, राजापूर:
अहो दादा, इथे लहान मुलांचं चाललंय!

देवगडचा बागवाला:
मुलांचंच सांगतोय. माझा नातू चार वर्षांचा, गोफण फिरवायला शिकला. नेम, ताकद, डोळा-हात, तुमच्या ३० ऍक्टिव्हिटीज एकात. स्क्रीनला हात लावत नाही.

तिसरा मजला, रत्नागिरी:
चार वर्षांच्या मुलाच्या हातात गोफण?? आणि मी तांदूळ दिले तर मी वाईट आई.

देवगडचा बागवाला:
दगड नाही देत, कागदाचा बोळा देतो. वाचल्याशिवाय उडी मारू नका वहिनी.

तिसरा मजला, रत्नागिरी:
बोळ्याचं आधी लिहिलं नव्हतंत, तेव्हा काय वाचायचं होतं? असो. तो पाण्याचा ब्रश गॅलरीच्या फरशीवर करून पाहीन म्हणते. गडगा नसला तरी चालत असावा, परवानगी असेल तर.

रातांबेवाली, राजापूर:
टोमणे नकोत. तुमचे तांदूळ मीही काढीन, पण पाऊस लागल्यावर, आणि न रंगवता. व्हिनेगर आणायला मी एसटीने राजापूर बाजारात जाणार नाही.

सुईण काकींची सून:
आमसुलं झाली की किलोचा भाव कळवा गो, कोकमाचं आगळ पण असेल तर दोन बाटल्या ठेव.

देवगडचा बागवाला:
माकडांचं कोणी काही बोलणार आहे का?