लेझरनं चष्मा घालवलेले, पुढं डोळ्यांचं काय झालं? अनुभव सांगा

गोदाकाठची:
भाचा लातूरला असतो. लग्न ठरायच्या आत चष्मा घालवायचाय म्हणाला. त्याच्यासाठी माझी २००८ची फाईल काढली, तर बुबुळाचा तो रंगीबेरंगी नकाशा निघाला. नंबर उणे साडेसहा, बुबुळाची जाडी ५३६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. बुबुळाचा वरचा पापुद्रा उचलला, खाली लेझर मारला, पापुद्रा परत बसवला. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते, लोक बघायले होते! पहिला उन्हाळा मात्र वाईट गेला. पापुद्रा करताना बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्या वाढेपर्यंत डोळा कोरडा. त्यात आपला मे महिना आणि तोंडावर कूलर. डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं. अश्रूंचे थेंब अजून पर्समध्ये असतात. तुमचं सांगा.

परभणीचा पाव्हणा:
दिवसा झकास. रात्री जिंतूर रोडनं येताना समोरच्या प्रत्येक दिव्याला खळं. अंधारात बाहुली मोठी होते, मग लेझर केलेल्या भागाच्या कडेबाहेरूनही उजेड आत शिरतो, असं डॉक्टर म्हणले. हळूहळू कमी झालं, पूर्ण नाही गेलं. उसाच्या ट्रॉलीला तर मागं दिवाच नसतो, तिला खळं तरी कुठून दिसावं.

साधा माणूस:
ट्रॉलीचं बरोबर बोललात दादा. आमच्याकडं माजलगाव रोडला तीच गत. चष्मा असून दिसत नाहीत.

सईची आई:
जळका वास कुणाकुणाला आला? मी तर घाबरले, म्हटलं डोळा भाजला 😄

चष्मेवाला भाऊ:
ताई, भाजत नाही. तो अतिनील किरणांचा लेझर, १९३ नॅनोमीटरचा. पेशीजालातले बंध तोडून थर उडवतो, वास त्याचाच.
दुकानात पोरं विचारतात म्हणून हिशोबही लिहितो. एका नंबरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. पापुद्रा १०० ते १२०चा. खाली किमान २५० उरलेच पाहिजेत, बरेच डॉक्टर ३०० धरतात. गोदाकाठची ताईंचं गणित आरामात बसतं. नंबर दहा आणि जाडी ४८० असेल तर नाही म्हणणारा डॉक्टर चांगला समजा. आणि तपासणीआधी एक-दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद. लेन्सनं बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो, मोजमाप फसतं.

काठावर पास:
मला असंच परत पाठवलं. नकाशात खालच्या बाजूला लाल डाग, बुबुळ टोकदार व्हायला लागलेलं. लेझर केला असता तर उरलेलं बुबुळ आणखी फुगलं असतं म्हणे. लहानपणापासून डोळे चोळायची सवय, कापूस वेचणीत धूळ काय कमी असते? शेवटी रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील उजेड दिला, बुबुळ कडक करायला. नंबर तसाच आहे, वाढायचा थांबला. तेव्हा लई राग आला होता त्या डॉक्टरचा.

गोदाकाठची:
बरं झालं हो दादा, वेळेत कळलं. आता चोळता का?

काठावर पास:
बायको हातावर मारते.

बीडची मामी:
आमच्या मोठ्या दिरांनी नव्वदच्या सुमारास लेझरच्या आधीचं करून घेतलं होतं, ब्लेडनं बुबुळावर किरणांसारख्या चिरा देतात ते. आता उलटा, अधिक नंबर लागलाय. सकाळी एक दिसतं, संध्याकाळी दुसरं. घरातले म्हणतात सासऱ्यांसारखा स्वभावच तसा 😂

चाळिशीतली:
कुणी हे सांगतच नाही. उणे नंबरवाल्यांना चष्मा काढला की जवळचं दिसायचं. आता लांबचं लख्ख, पण सुई ओवायला लेकीला हाक. चाळिशी लेझरनं टळत नाही, बुबुळ वेगळं आणि आतलं भिंग वेगळं.

नांदेडहून:
भावाचा उणे नऊ होता. लेझरनंतर सगळे निर्धास्त. एक दिवस डोळ्यात विजा चमकल्यासारखं, मग काळे ठिपके, मग एका बाजूनं पडदा. डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटला होता, रातोरात नेलं म्हणून डोळा वाचला. लेझर फक्त समोरचं बुबुळ सपाट करतो, मोठ्या उणे नंबरचा लांबट डोळा लांबटच राहतो. दरवर्षी पडदा दाखवा.

साधा माणूस:
माय गं. आता कसे आहेत भाऊ?

नांदेडहून:
बरे आहेत. हळद विकायला वसमतच्या बाजारात गेलेत आज.

चष्मेवाला भाऊ:
एक राहिलं. जुने कागद टाकू नका कुणी. पुढं मोतीबिंदू झाला की नेहमीच्या सूत्रानं डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर चुकतो, कारण बुबुळ सपाट केलेलं असतं. डोळ्याचा दाबही यंत्रावर कमी भरतो, काचबिंदू लपू शकतो. डॉक्टरला आधी सांगायचं, लेझर झालाय म्हणून.

सईची आई:
माझी फाईल तर पुरात गेली. आता?

चष्मेवाला भाऊ:
जिथं केलं तिथं विचारा. नाही मिळाली तरी हरकत नाही, आता अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत. सांगायचं मात्र विसरू नका.

परभणीचा पाव्हणा:
नांदेडवाले, वसमतला हळदीला काय भाव निघाला ते कळवा. आमची पण घरात पडून आहे.