जुने स्मर्फ चिकट झालेत, आणि सोबत दुकानातला स्टँड पण आहे. साफ कसं करू?

पांढरीटोपी:
मंडळी मदत हवीये. ओळखीतल्या एकांनी माळा आवरताना सापडलेला ऐवज मला दिलाय, २३ स्मर्फ (कार्टूनमधल्या त्या निळ्या बुटक्यांच्या छोट्या बाहुल्या) आणि ते दुकानात काउंटरवर मांडायचा पुठ्ठ्याचा स्टँड, पुढे तीन पायऱ्या आणि मागे चित्राची उभी पाटी. स्मर्फच्या अंगावर श्लाइश (बनवणारी जर्मन खेळणी कंपनी) आणि १९७८ कोरलंय, म्हणजे माल ७८ चाच ना? प्रॉब्लेम असा की निम्मे हाताला चिकट लागतात, धूळ नुसती बसली नाहीये, रुतलीये. आणि पाटी घडीवर फाटत आलीये. थिनरने पुसून घेतो आणि पाटीला मागून सेलोटेप मारतो असा विचार होता, पण हात लावायच्या आधी म्हटलं विचारावं.

खोकेबहाद्दर:
थिनरची बाटली आधी लांब ठेवा हो! रंगच निघून येईल.
स्मर्फ मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर घालतात आणि तोच इतक्या वर्षांत झिरपून वर येतो, तुम्हाला लागतोय तो चिकटपणा त्याचाच. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा थेंब, मऊ ब्रश, टिपून सावलीत वाळवा, बास. काही महिन्यांनी परत चिकटतील तेव्हा वैतागू नका, आतला माल संपलेला नसतो.
आणि कडक पारदर्शक डबीत ठेवू नका. मी ठेवला होता एक, दोन वर्षांनी काढायला गेलो तर डबीचा तळ पायाखाली वितळल्यासारखा झालेला, स्मर्फ ओढला तर पायाचा रंग डबीलाच राहिला. त्या डब्या बहुतेक पॉलिस्टायरीनच्या असतात आणि प्लास्टिसायझर पॉलिस्टायरीनला खातो.
सनाचं म्हणाल तर तो डिझाइनचा धरा. पेयो या बेल्जियन चित्रकाराने स्मर्फ काढले १९५८ ला, श्लाइशचे आले १९६५ पासून, आणि एकेक साचा पुढे वर्षानुवर्षं चालायचा, त्यामुळे ७८ कोरलेला तुकडा ८१ ला पण निघालेला असू शकतो.

जुनीपाटी:
सगळे स्मर्फबद्दलच बोलतायत, पण या ढिगात खरी दुर्मिळ वस्तू तो स्टँड आहे! स्मर्फ पोरांनी जपले, स्टँड दुकानदाराने माल संपला की फेकला, कोण ठेवणार पुठ्ठा. सेलोटेप अजिबात नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघता निघत नाही. पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, मागच्या बाजूने. जुन्या कागदपत्रांची डागडुजी करणारे हेच वापरतात, आणि पुढे कधी काढायचं झालं तर ओलसर करून सोडवता येतं. आधी रद्दी पुठ्ठ्यावर दोनदा हात बसवून घ्या, खळ जास्त झाली की पुठ्ठा वाकतो.
मात्र स्टँड अस्सल आहे ना ते बघा, हल्ली स्कॅन मारून छापलेले बरेच फिरतात. भिंगातून बघितलं तर जुन्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके एकत्र येऊन फुलासारखी नक्षी दिसते, घरच्या इंकजेटला तशी नक्षी नसते, नुसती बारीक फवारणी.

भंगारप्रेमी:
+१. यूव्ही टॉर्च पण मारा, नवा कागद लगेच निळा चमकतो.

जुनीपाटी:
भंगारप्रेमी, ती टेस्ट इथे चालायची नाही. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात तो ब्राइटनर, टॉर्चखाली चमकतो तोच, साधारण १९५० नंतर यायला लागला, त्यामुळे ७८ चा अस्सल पुठ्ठा पण चमकू शकतो आणि तुम्ही चांगली वस्तू नकली म्हणून टाकून द्याल. टॉर्च त्याच्या आधीच्या कागदाला ठीक.

पांढरीटोपी:
भिंग लावलं, फुलं दिसली!! जाम भारी वाटलं. पण एक गंमत, पायऱ्यांवरून स्मर्फ उचलले तर प्रत्येकाखाली तेलकट डाग, बरोब्बर दोन पावलांच्या आकाराचे. हे काढायचे कसे?

खोकेबहाद्दर:
काढू नका! पुठ्ठ्यात मुरलेलं तेल घरी निघत नाही, घासून पाटीसारखीच वाट लावाल. आणि इतके मुरलेले डाग दोन दिवसांत पडत नाहीत, म्हणजे हे स्मर्फ त्याच स्टँडवर बरीच वर्षं उभे होते. फक्त परत तिथे उभे करू नका, करायचेच तर खाली पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा.

पांढरीटोपी:
ओके. आत्ता डाग मोजले. २४ भरले. स्मर्फ तर २३ च आहेत, उद्या फोन करून परत माळा बघायला सांगतो.