कंपनी फाउंडर होतेय? अभिनंदन!

(आमच्या घरच्या ग्रुपवर काल रात्री झालेली चर्चा. नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच ठेवली आहेत.)

चिन्या: ऑफिसात मेल आलाय. ‘द कंपनी इज फाउंडरिंग’ म्हणे.

आत्या: अरे वा! अभिनंदन बाळा 💐💐💐

आत्या: नवीन कंपनी काढतायत का?

चिन्या: आत्या, बुडतेय गं कंपनी.

आत्या: अगंबाई. फाउंडर म्हणजे संस्थापक ना?

मोठे काका: आधी तो गुच्छ काढ तिथून.

आत्या: कसा काढायचा?

ताई: मेसेजवर बोट दाबून धर. डिलीट येईल.

आत्या: केलं.

ताई: आत्या चुकली नाहीये फार. दोन्ही फाउंडर एकाच घरातले. लॅटिनमध्ये ‘फुंडुस’ म्हणजे तळ. एकानं तळाशी पाया घातला, तो संस्थापक. दुसरा सरळ तळालाच गेला. जहाजात पाणी भरून ते बुडालं की ‘द शिप फाउंडर्ड’.

ताई: पण चिन्या, मेल पुन्हा वाच. फाउंडरिंग आहे की फ्लाउंडरिंग? एका ‘ल’वर तुझी नोकरी आहे.

चिन्या: लॅपटॉप बॅगेत आहे. काय फरक पडतो पण?

ताई: फ्लाउंडर म्हणजे गटांगळ्या खाणं. नाकातोंडात पाणी जातंय, हातपाय कसेही चाललेत, पण डोकं अजून वर आहे. स्टेजवर वाक्य विसरलेला नट फ्लाउंडर करतो. त्याला विंगेतून कुणीतरी शब्द देतं आणि निभावतं. फाउंडर झालं म्हणजे आटोपलं. इंग्रजी ज्यांची आईची भाषा आहे तेसुद्धा यात सर्रास घोळ घालतात.

मी: म्हणजे आपलं ‘तळ गाठला’ ते फाउंडर?

मोठे काका: नाही रे. तळ गाठलेला माणूस वर येऊ शकतो. फाउंडर झालेलं जहाज येत नाही.

मोठे काका: या इंग्रजांचे निम्मे शब्द आमच्या बोटीच्या धंद्यातले. बोटीचं इंजिन बंद पडलं की ‘डेड इन द वॉटर’. बुडालेली नसते ती, नुसती पडून असते. मी एकदा अनुभवलंय. रात्री इंजिन थांबलं आणि झोपलेली माणसं त्या शांततेनं जागी झाली. महिनोन् महिने कानात घरघर असते ना, ती गेली की डोळे उघडतात. मग बोट लाटांना आडवी होते आणि टेबलावरचे पेले एका बाजूला सरकायला लागतात. दोन तासांत इंजिन सुरू झालं म्हणून आज टाइप करतोय.

आत्या: हे कधी सांगितलं नाहीस!

मोठे काका: वहिनींना कळलं असतं.

आई: आता कळलं.

मी: गंमत बघा, आपल्याकडे ‘घरघर लागली’ म्हणजे शेवट जवळ आला. काकांच्या बोटीवर घरघर थांबली की शेवट.

चिन्या: आणि मुद्दाम बुडवली तर कुठला शब्द? आमच्याकडे तसंच झालंय असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठे काका: स्कटल. आपल्याच हातानं बुडवणं. 21 जून 1919, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत स्कापा फ्लो. युद्ध हरलेल्या जर्मनीची 74 जहाजं तिथं ब्रिटिशांच्या पहाऱ्यात अडकलेली. ती त्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून ॲडमिरल रॉयटरनं आपल्याच खलाशांना तळाचे व्हॉल्व्ह उघडायला लावले. 52 बुडाली. पहाऱ्यावरची बरीचशी ब्रिटिश जहाजं नेमकी त्या दिवशी सरावाला गेलेली.

चिन्या: आमच्याकडे व्हॉल्व्ह उघडणारे बोनस घेऊन गेले.

नाना: सगळे बुडण्याचंच काय बोलताय? चंद्र उतरतो त्याला काय म्हणतात?

ताई: वेन, नाना. आपली ‘उतरती कळा’ जशी चंद्राच्या कलांवरून आली, तसंच. आणि तुम्हाला आवडेल असं एक सांगते. हा वेन आणि संस्कृतातला ‘ऊन’ एकाच मुळाचे. म्हणजे आपलं ‘उणं’सुद्धा त्याच्याच नात्यातलं.

नाना: वा. मग चिन्याच्या कंपनीला वेन म्हणा. पंधरा दिवसांनी वाढायला लागेल.

मी: किंवा एब. ओहोटी. तीही परत येते.

चिन्या: मेलमध्ये चंद्रही नाही आणि ओहोटीही नाही, नाना.

बाबा: पराभव ठरलेलाच असेल तर? आपण म्हणतो पानिपत झालं. ते म्हणतात वॉटर्लू.

ताई: हो, पण ते वॉटर्लू एकेका माणसाला गाठतं. नेपोलियनचं 1815 मध्ये झालं तसं प्रत्येकाचं कुठेतरी. आपलं पानिपत 1761 चं, त्यात सगळं घरच गेलं. म्हणून पोरगा सगळ्या विषयांत आपटला की पानिपत म्हणायचं, नुसत्या गणितात गेला तर नाही.

ताई: माझा आवडता मात्र ‘फॉर्लोर्न होप’. ऐकून वाटतं वेडी आशा. मूळ डच ‘फेरलोरेन होप’. त्या होपचा आशेशी काही संबंध नाही, होप म्हणजे घोळका, तुकडी. तटाला भगदाड पडलं की सगळ्यात आधी आत घुसणारी तुकडी. त्यातले फार थोडे परत यायचे. इंग्रजांनी उच्चार तसाच ऐकला आणि मेलेल्या शिपायांची आशा करून टाकली.

मी: म्हणजे आत्यानं बुडण्यात अभिनंदन ऐकलं, तसंच.

आत्या: बघा, मी एकटी नाही.

बाबा: बुद्धिबळातली मातही आठवा. शह आणि मात फारसीतून आपल्याकडे आले, आणि तेच शब्द फिरत फिरत तिकडे चेकमेट झाले. हरायला दोघांना एकच शब्द पुरला.

ताई: चिन्या, उघडलास का लॅपटॉप?

चिन्या: उघडला. ‘ल’ नाहीये.

आई: जेवलास का?

चिन्या: हो गं. एचआरला लगेच विचारलं, नक्की फाउंडरिंगच म्हणायचंय का. त्यांचं उत्तर आलंय.

ताई: काय म्हणतायत?

चिन्या: फाउंडर्स डेचं निमंत्रण पाठवलंय. शुक्रवारी. केक आहे.

आत्या: मग माझा गुच्छ उगाच काढायला लावलात!

ताई: काढला कुठंय? तू तो फक्त तुझ्यापुरता डिलीट केलास. आम्हाला सगळ्यांना अजून दिसतोय.