अकरा वर्षांचा मुलगा अनावर होतो, काय करावे?

प्रश्न (ऐरोली) : मोबाइल काढून घेताच माझा मुलगा ताट भिरकावतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो, आणि आता शाळाही नाव काढून टाकण्याची भाषा करू लागली आहे. कोणाकडे जावे?

प्रतिसाद (ठाणे) : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही), हे शाळेला लेखी कळवा. त्याला बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, कारण अपुरी झोप, वाचनातील अडचण किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) यांमुळेही मुले अशी भडकतात. त्याला ‘वाया गेलेला’ कृपया ठरवू नका.

प्रतिसाद (वाशी) : राग चढलेला असताना समजावणे व्यर्थ असते. आधी मुलीला दुसऱ्या खोलीत न्या आणि तो निवळल्यावरच बोला. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो.