मदत हवी आहे: कॅशबॅकचं क्रेडिट कार्ड घ्यावं की पॉइंट्सचं?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. घरखर्च कार्डावर महिन्याला साधारण १८,००० जातो: किराणा, वीजबिल, औषधं आणि शेतीसाठी ठिबकचं थोडंफार सामान. बिल दरमहा पूर्ण भरतो, व्याज कधी लागू दिलं नाही.

एका कार्डावर सरसकट १ टक्का कॅशबॅक, म्हणजे १८० रुपये थेट बिलातून वजा. दुसऱ्यावर दर १५० रुपयांना २ पॉइंट, म्हणजे महिन्याला २४० पॉइंट. पण पॉइंट बिलात वळवला तर २५ पैसेच, म्हणजे ६० रुपये! विमानाच्या तिकिटाला मात्र पूर्ण रुपया. आम्ही तर भुसावळहून रेल्वेनेच जातो, विमान वर्षातून एकदाही नाही.

जुन्या कार्डाचा अनुभव वाईट आहे. ३,००० पॉइंट जमवले, त्यातले निम्मे मुदत संपून गेले, उरलेले घेताना ९९ रुपये फी आणि वर जीएसटी. फार वाईट वाटलं.

वीजबिल आणि पेट्रोलवर कॅशबॅक मिळतो का, की तो बहुतेक वगळलेलाच असतो? आणि दुकानात क्यूआर स्कॅन करून रुपे क्रेडिट कार्डाने पैसे दिले तर? जळगाव-धुळ्याकडे कोणी वापरत असेल तर कृपया सांगा, वार्षिक फीसकट.