मदत हवी आहे: आई-बाबांसोबत रोममध्ये एक दिवस

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन रोमला जातोय. हातात एकच दिवस आहे. कलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडी एकाच तिकिटात होतात. पण आईचे गुडघे दुखतात आणि फोरममधल्या जुन्या रस्त्यांवरचे काळे दगड चांगलेच उंचसखल आहेत. तिथे त्यातल्या त्यात सपाट वाट कोणती? बाबा सिव्हिल इंजिनिअर, त्यांना पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर निवांत बघायचंय. ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत एकही सळई नाही, तरी जवळपास १९०० वर्षं उभा! तिथे मी घाई करणार नाही. फोरमहून पँथिऑनला टॅक्सी बरी की बस? ट्रेव्हीचं कारंजं राहिलं तरी चालेल. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.