मुलीने विचारलं, "मग मी स्किन कलरची नाही का?" काय सांगू?

उंबरठा:
मुलगी दुसरीत आहे, रंगाने माझ्यावर गेलीय, म्हणजे चांगली सावळी. परवा तिने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं आणि सगळ्यांना तो फिकट गुलाबीसर खडू फासला, मी म्हटलं अगं आपण असे कुठे दिसतो, तर म्हणते हा स्किन कलर आहे, वर्गात सगळे हेच म्हणतात. मग खडूशेजारी स्वतःचा हात धरून बघितला आणि वरचा प्रश्न विचारला. मला काही सुचलंच नाही. त्यात गॅदरिंगला तिला कोळीण केलंय आणि परी झाल्यात त्या सगळ्या गोऱ्या मुली. सासूबाई रोज आंघोळीला डाळीचं पीठ आणि साय लावतात, प्रेमानेच, पण चोळताना "जरा उजळेल" म्हणतात. तिच्या दादाचा रंग अगदी हाच आहे, त्याला कुणी चोळत नाही.

गवतीचहा:
वाचून पोटात तुटलं. १९९७ ला माझ्या स्थळाच्या कागदावर बाबांनी "वर्ण सावळा" लिहिलेलं, मावशीने खोडून "निमगोरा" केलं. नवऱ्याच्या कागदावर वर्ण हा शब्दच नव्हता, शिक्षण, पगार, शेती बास. टीव्हीवर ती क्रीमची जाहिरात लागली की आमच्याकडे सगळे एकदम गप्प व्हायचे, सावळी मुलगी तोंड पाडून बसलेली आणि ट्यूब लावली की नोकरी काय नि नवरा काय, सगळं दारात. फेअर अँड लव्हली १९७५ पासून आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्कीने २०१४ ला नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी दाखवायचं नाही, २०२० ला नावातलं फेअर जाऊन ग्लो आलं, पण तोवर दोन पिढ्या तेच बघत मोठ्या झाल्या ना. सासूबाईंवर रागावू नका, पण "उजळेल" बंद करायला सांगाच.

सातारकर:
मुलांनाही सोडलेलं नाही हो. २००५ ला पुरुषांसाठी वेगळं क्रीम आलं तेव्हा मी हॉस्टेलला होतो, बऱ्याच जणांच्या उशीखाली ट्यूब असायची, माझ्यापण. पण मला नोकरी लागली आणि माझ्या रंगाचा विषय संपला, बहिणीला माझ्याआधी लागली तरी तिचा संपला नाही. २०१९ ला सावळ्या मुलीची गोष्ट म्हणून मराठी मालिका आली तर त्यातही उजळ नटीलाच गडद मेकअप केला, मला याचं फार वाईट वाटलं होतं. आणि सावळ्या रंगाच्या स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या, आई अजून त्यांच्याबद्दल भरभरून बोलते.

लिंबोणी:
दोन गोष्टी लगेच करा. फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड बंद करा, माझ्या भाचीला तिचा खरा फोटो ओळखीचाच वाटेना. आणि आपण आरशासमोर "मला काळीला हा रंग कुठला शोभायला" म्हणतो ते पहिलं थांबवा, मुली तेच ऐकत असतात. कोळीण होण्यात काही कमी नाही, पण रंगावरून वाटणी झाली असेल तर बाईंना विचारायलाच हवं.

उंबरठा:
शेवटचं वाचून गप्पच झाले, मी हे रोज म्हणते. काल रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तपकिरी नि पिवळा खडू घासून आम्ही दोघींचा रंग जमवला, मग ती आजीचा हात मागायला गेली. बाईंना सोमवारी भेटतेय.